मुंबईच्या शाळकरी मुलांना जंगलात मुक्कामी नेताना: आधी काय, नंतर काय

दिवाळीची सुट्टी संपली की मुंबईतल्या अनेक शाळांत कर्जत, मुरबाड, शहापूर किंवा जव्हारकडच्या रानात एक-दोन रात्रींचे शिबिर नेण्याचे बेत सुरू होतात, आणि त्यांतले बरेचसे बेत एकाच कारणाने बिघडतात. आधी तारीख ठरते, मग बस सांगितली जाते, मग पालकांकडून पैसे गोळा होतात, आणि जागा सगळ्यांत शेवटी, बहुधा कोणाच्या तरी मोबाइलवरची छायाचित्रे पाहून नक्की केली जाते. हा क्रम उलटा आहे. पुढे दिलेला क्रम सहावी ते नववीच्या, म्हणजे साधारण ११ ते १५ वर्षांच्या, आणि रानात पहिल्यांदाच राहणाऱ्या मुलांसाठी आहे. हिशेबाच्या सोयीसाठी ४० मुले आणि दोन रात्री असे धरले आहे.

१. जागा आधी पाहावी आणि तिथे स्वतः एक रात्र काढावी

सहलीचा काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा धरावा. जून ते सप्टेंबर या महिन्यांत सह्याद्रीतले ओढे वरच्या पावसाने पाहता पाहता चढतात, ऑक्टोबरचे ऊन मुलांना सोसत नाही, आणि फेब्रुवारी सरल्यावर पाणी आटू लागते व वणव्यांचे दिवस येतात.

जागा तीन प्रकारची असू शकते: वनविभागाची पर्यटन संकुले किंवा तंबू, रानाला लागून असलेली खासगी जागा, आणि मोकळे जंगल. पहिल्या शिबिरासाठी पहिल्या दोहोंपैकीच एक निवडावी, कारण पक्के शौचालय, राखणदार आणि दारापर्यंत येणारा रस्ता या तीन गोष्टींवाचून ४० मुलांची रात्र सांभाळता येत नाही.

पाहणीला दोन शिक्षकांनी जावे, त्यांत एक बाई असावी, आणि दोघांनी तिथे मुक्काम करावा. दिवसा शांत वाटणाऱ्या जागेशेजारच्या रिसॉर्टवर शनिवारी रात्री दोन वाजेपर्यंत ध्वनिक्षेपक चालू असतो, शौचालयाच्या वाटेवर एकही दिवा नसतो, किंवा पाण्याची टाकी रात्री रिकामी होते, हे रात्र काढल्याशिवाय कळत नाही. ही पाहणी सहलीच्या तीन आठवड्यांच्या आतली असावी. नोव्हेंबरात खळाळणारा ओढा जानेवारीत कोरडा पडलेला असणे ही या भागातली नेहमीची गोष्ट आहे.

पाहणीत सर्वांत महत्त्वाचे काम रुग्णालयाचे आहे. जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कोणते, तिथे रात्री डॉक्टर हजर असतात का, आणि सर्पदंशावरील प्रतिविष या घडीला साठ्यात आहे का, हे तिथे जाऊन विचारावे. त्यानंतर मुक्कामाच्या जागेपासून तिथपर्यंत अंधारात गाडी चालवून लागणारी मिनिटे लिहून ठेवावीत. एका तासाहून अधिक वेळ लागत असेल तर मी ती जागा सोडून देतो, मग ती कितीही सुंदर असो.

इशारा: बिबट्यापेक्षा आणि सापापेक्षा शहरी मुलांना खरा धोका पाण्याचा असतो. मुक्कामाजवळ नदीचा डोह, धरणाचा फुगवटा, शेततळे किंवा कठडा नसलेली विहीर असेल आणि तिथे जाणारी वाट अडवता येत नसेल, तर दुसरी जागा शोधावी. 'पाण्यात कोणी उतरणार नाही' ही सूचना म्हणजे बंदोबस्त नव्हे.

तपासणी: मोबाइलचा संपर्क कोणत्या कंपनीचा व नेमका कुठे उभे राहिल्यावर मिळतो, ती जागा कागदावर खूण करून ठेवली आहे ना?

२. परवानग्या

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात प्रवेश आणि मुक्काम १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीनेच होतो. तिथे शेकोटी पेटवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेत शेकोटी छापण्याआधी जागेचा दर्जा पाहावा. राखीव वनाच्या बाबतीत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा, आणि त्यात मुलांची संख्या, पायवाट व वेळा स्पष्ट लिहाव्यात. एखाद्या संस्थेकडून शिबिर करून घ्यायचे असेल आणि त्यात गिर्यारोहण किंवा दोरावरचे खेळ असतील, तर ती संस्था राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणीकृत आहे का, हे प्रमाणपत्र पाहूनच मानावे. शाळेच्या बाजूने व्यवस्थापनाचा ठराव, शिक्षण खात्याला दिलेल्या पत्राची पोच आणि विमा हे कागद लागतात. जवळच्या पोलीस ठाण्याला व ग्रामपंचायतीला नुसते कळवून ठेवले तरी अडचणीच्या वेळी पुष्कळ सोपे जाते.

३. सोबतची मोठी माणसे

दर आठ मुलांमागे एक प्रौढ, म्हणजे ४० मुलांसाठी पाच, आणि त्यांच्याखेरीज एक मोकळा माणूस असावा. या सहाव्या माणसाकडे एकही गट देऊ नये. एखादे मूल आजारी पडले तर त्याला घेऊन निघणारा हाच असतो, आणि तो नसेल तर आठ मुलांचा गट वाऱ्यावर पडतो. मुली असतील तर निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात. मुलांच्या तंबूत कोणीही प्रौढ एकटा झोपणार नाही आणि कोणत्याही मुलाशी आडोशाला एकट्याने वावरणार नाही, हा नियम सर्वांना, वाटाड्या आणि आचारी यांनाही, आधीच सांगावा.

वाटाड्या जवळच्या पाड्यावरचा घ्यावा. ठाकर, कातकरी, वारली किंवा महादेव कोळी समाजातल्या जाणत्या माणसाला कोणत्या कड्याखाली आग्यामोहोळ बसले आहे आणि कोणती वाट यंदा खचली आहे हे ठाऊक असते. त्याचा मोबदला आधी ठरवावा व जाताना हातात द्यावा.

४. पालकसभा आणि आरोग्यपत्रक

आरोग्यपत्रकात 'काही आजार आहे का?' असा मोघम प्रश्न छापला की उत्तर हमखास 'नाही' असे येते. त्याऐवजी एकेक गोष्ट नावानिशी विचारावी: दमा आहे का, फिट येते का, मधमाशी किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, झोपेत चालतो का, अंथरुण ओले होते का, बस लागते का, पाळी सुरू झाली आहे का. अंथरुणाचा आणि पाळीचा प्रश्न पालक लाजेने टाळतात आणि रात्री नेमकी तीच अडचण उभी राहते. अशी माहिती बंद पाकिटात, फक्त त्या मुलाच्या गटप्रमुखाकडे राहील, असे आश्वासन द्यावे आणि ते काटेकोरपणे पाळावे. अंथरुण ओले होणाऱ्या मुलाला तंबूच्या दाराजवळची जागा द्यावी, रात्री साडेदहाला हळूच उठवून न्यावे, आणि एक जादा चादर शिक्षकांच्या सामानात ठेवावी. इतरांना याचा पत्ताही लागता कामा नये.

औषधे पालकांनी मुलाचे नाव, मात्रा आणि वेळ लिहिलेल्या पिशवीत गटप्रमुखाच्या हाती द्यावीत. दम्याचा पंप मात्र मुलाच्याच खिशात असावा.

पालकांशी संपर्काची रीतही याच सभेत ठरवावी. सकाळी आठ आणि रात्री आठ असे दिवसातून दोनच संदेश जातील, मधल्या वेळी फोन केवळ अडचण असेल तरच येईल, असे सांगितले की निम्मी काळजी कमी होते. दिवसभर छायाचित्रे पाठवण्याच्या नादात शिक्षकांचे डोळे पडद्यावर राहतात आणि मुलांवरून हटतात, ही चूक अलीकडे फार वाढली आहे.

५. शाळेच्या पटांगणावरचा सराव

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि माझ्या मते ती गाळली तर सहल पुढे ढकललेली बरी. सहलीच्या आधीच्या शनिवारी सर्व मुलांना संध्याकाळी पाच ते साडेआठ शाळेत बोलवावे. सहलीला घालायचे बूट तेव्हाच घालून यावेत, कारण नवे कोरे बूट पहिल्या दिवशीच टाच सोलतात. पाठीवर भरलेली पिशवी घेऊन पटांगणाच्या दहा फेऱ्या माराव्यात, आणि जी पिशवी जड वाटेल तिच्यातून काय काढायचे ते मुलानेच ठरवावे. तंबू उजेडात एकदा आणि टॉर्चच्या प्रकाशात एकदा उभारावा.

त्यानंतर पटांगणावरचे दिवे मालवून मुलांना दहा मिनिटे शांत बसवावे. चाळीत किंवा इमारतीत वाढलेल्या मुलाने खराखुरा अंधार पाहिलेलाच नसतो, कारण मुंबईत रात्रीही खिडकीतून उजेड येत असतो. शाळेतला अंधारही काही रानाचा नव्हे, तरी आपल्याला भीती वाटते आणि ती थोड्या वेळाने ओसरते, हे मुलाला इथे कळते.

तिसरा सराव नाजूक आहे. आज पुष्कळ मुलांच्या घरी फक्त कमोड असतो आणि भारतीय पद्धतीच्या शौचालयाची त्यांना सवय नसते. मग मुले, विशेषतः मुली, शौचालयात जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोके धरून बसतात. सहलीतल्या निम्म्या 'उन्हाच्या त्रासा'चे मूळ मला इथेच सापडले आहे. मुलांना व मुलींना वेगवेगळे बसवून याविषयी सरळ शब्दांत बोलावे आणि घरी आठवडाभर सराव करायला सांगावे.

६. सामान

यादी छोटी ठेवावी. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे दोन सदरे, दोन लांब विजारी, मोज्यांचे तीन जोड, टोपी, स्वेटर, पातळ चादर, टॉर्च व जादा सेल, एक लिटरच्या दोन बाटल्या, ताट-वाटी-पेला, शिट्टी, आणि घरून दिलेल्या कोणत्याही वस्तूवर लिहिलेले नाव. थंडीचा अंदाज मुंबईवरून बांधू नये, कारण घाटपायथ्याला जानेवारीत पहाटे दात वाजतात. सुगंधी फवारे व तेले घरीच ठेवावीत, त्यांच्या वासाने मधमाश्या चवताळतात. मोबाइल आणि दागिने नकोत.

पिण्याच्या पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला तीन लिटर असा धरावा. मुले, प्रौढ आणि मदतनीस मिळून ४८ जण धरले तर दिवसाला १४४ लिटर, म्हणजे २० लिटरचे आठ जार झाले. स्वयंपाकाचे आणि शौचालयाचे पाणी यात धरलेले नाही. विहिरीचे पाणी प्यायचे असेल तर ते चांगले उकळावे, कपड्याने गाळणे पुरेसे नसते.

७. प्रवास

निघण्याची वेळ अशी धरावी की सकाळी अकराच्या आत मुक्काम गाठता येईल. लोकलने कर्जत किंवा कसाऱ्याला जाण्याचा मोह स्वस्ताईमुळे होतो, पण दादर किंवा ठाण्याला ४० मुले सामानासकट चढवणे धोक्याचे आहे, आणि रविवारी परतताना मेगाब्लॉक आडवा येतो. बसच करावी. बस दोन्ही रात्री मुक्कामीच थांबेल हे करारात लिहून घ्यावे, आणि तिच्याखेरीज एक छोटी गाडी ठेवावी, कारण मध्यरात्री अरुंद कच्च्या रस्त्यावर बस वळवण्यात बराच वेळ जातो.

इशारा: मोजणी संख्येने करू नये, नावाने करावी. एका सहलीत ओढ्यावरून निघताना मी डोकी मोजली, ती बरोबर ४० भरली आणि आम्ही चालू लागलो. दहा मिनिटांनी वाटाड्याने मागे वळून पाहिले तेव्हा कळले की पाड्यावरचा एक मुलगा कुतूहलाने आमच्या रांगेत मिसळला होता आणि आमची एक मुलगी चपलेचा पट्टा नीट करत ओढ्यापाशीच बसून होती. ती सुखरूप होती, पण त्या दिवसापासून मी हजेरी नाव घेऊन, आणि जोडीदाराने जोडीदाराचे नाव सांगून घेतो.

८. पोहोचल्यावरचे पहिले दोन तास

जेवणाआधी हद्द दाखवावी. सर्वांनी मिळून मुक्कामाच्या चारही बाजूंनी चालत जावे, झाडांना रंगीत फिती बांधाव्यात, आणि फितीपलीकडे मोठ्या माणसाशिवाय पाऊल टाकायचे नाही हे तिथे उभे राहूनच सांगावे. त्याच फेरीत शौचालय, पाण्याची जागा आणि शिट्टी वाजल्यावर जमण्याचे झाड दाखवावे. एकदा शिट्टी वाजवून सर्वांना जमवून पाहावे.

तंबू सपाट, किंचित उंचावरच्या मोकळ्या जागी लावावेत. वाळलेली फांदी वर असलेले झाड, दगडांचा ढीग, वारूळ, गवताची गंजी आणि ओढ्याचे पात्र ही ठिकाणे टाळावीत. स्वयंपाकाची जागा आणि तंबू यांत अंतर राखावे, आणि खाऊचा एकही पुडा तंबूत राहू देऊ नये, कारण त्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगराच्या कुशीत उजेड त्याआधीच जातो, म्हणून सगळी मांडामांड चारच्या आत पुरी व्हावी.

९. जंगलातली वाट

पहिल्या दिवशी दीड-दोन तासांहून जास्त चालवू नये. पुढे वाटाड्या, शेवटी शिक्षक, आणि सर्वांत हळू चालणारे मूल वाटाड्याच्या मागे दुसरे, अशी रांग असावी. मागे पडणाऱ्याची वाट पाहत पुढचे थांबतात आणि तो पोहोचताच निघतात, मग त्याला विसावा मिळतच नाही. हळू चालणाऱ्याला पुढे घेतल्याने ही अडचण मुळातच राहत नाही.

हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगा वाळलेल्या असतात आणि त्यांवरची सोनेरी लव अंगाला लागली की मुले रडकुंडीला येतात. वाटाड्याला ती वेल आधी सर्वांना दाखवायला सांगावे. लव लागलीच तर चोळू नये, चिकटपट्टी लावून काढावी, कपडे बदलावेत आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. दगड उलटणे, बिळात काठी घालणे, फळे तोडून खाणे या तिन्ही गोष्टींना स्पष्ट मनाई असावी.

१०. रात्र

पहिल्या सहलीसाठी शुद्ध अष्टमी ते द्वादशीच्या आसपासच्या तिथी निवडाव्यात. सूर्य मावळतो तेव्हा चंद्र आकाशात वर असतो आणि मुलांच्या झोपेपर्यंत चांदणे पुरते.

जेवण साडेसातला आणि साधे असावे: मुगाची खिचडी, कढी, पापड, किंवा पिठले-भाकरी. घरची आठवण साधारण नऊच्या सुमारास, हात रिकामे झाले की येते. अशा मुलाला घरी फोन लावून देणे ही सद्भावनेने केलेली चूक आहे, कारण आईचा आवाज ऐकून रडे वाढते आणि तिकडे आईचीही झोप उडते. त्याला काम द्यावे, भांडी मोजायला किंवा दिवे लावायला सोबत घ्यावे, आणि निजेपर्यंत जवळ बसावे.

शौचालयाला जाताना दोन मुले आणि एक प्रौढ, टॉर्च पायांपुढे, बूट झटकून घातलेले, आणि वाटेने थोडे बोलत जायचे. बिबट्याच्या वावरातही हाच नियम उपयोगी पडतो: लहान मूल एकटे, वाकलेले किंवा उकिडवे उघड्यावर असू नये. तंबूची चेन रात्रभर बंद राहिली पाहिजे. प्रौढांनी दोन-दोन तासांच्या पाळ्या लावून जागावे, आणि पाळीवरल्याने दर तासाला सर्व तंबूंच्या चेना तपासाव्यात.

इशारा: मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सुजतही नाही. पहाटे एखादे मूल पोट दुखते म्हणू लागले, पापण्या जड झाल्या, गिळताना किंवा बोलताना अडखळू लागले, तर अपचन समजून ओवा देत बसू नये. खूण दिसो वा न दिसो, तत्काळ रुग्णालयाकडे निघावे.

११. काही घडलेच तर

साप चावल्यास मुलाला चालू देऊ नये. चावलेला अवयव फळी लावून स्थिर करावा, अंगठी-कडे काढावे, आणि छोट्या गाडीने निघावे. १०८ ला फोन करावा, पण गाडी हाताशी असताना रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, साप पकडायला धावणे आणि मांत्रिकाकडे नेणे, या सगळ्यात वेळ आणि जीव दोन्ही जातात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप ओळखण्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

लाल विंचवाच्या दंशाला 'नुसती वेदना' समजू नये. दरदरून घाम, उलटी आणि हातपाय गार पडणे ही हृदयावर ताण आल्याची लक्षणे आहेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे प्राझोसिन हे औषध या दंशावर रूढ झाले आहे, आणि ते जितक्या लवकर मिळेल तितके चांगले, म्हणून पाहणीच्या वेळी रुग्णालयात त्याचीही चौकशी करावी.

मोहोळ उठले तर डोके-तोंड कपड्याने झाकून आल्या वाटेने दूर पळावे, हात झटकू नयेत आणि पाण्यात उडी मारू नये. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर तेही रुग्णालयाचेच प्रकरण आहे.

तपासणी: गाडीची किल्ली रात्री कोणाकडे आहे, हे सर्व प्रौढांना ठाऊक आहे ना?

१२. निघताना आणि परतल्यावर

निघण्याआधी सर्वांनी एका ओळीत हद्दीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे आणि दिसेल तो कागद, वेष्टन व दोरीचा तुकडा उचलावा. कचरा पाड्यावर न टाकता बसमध्ये भरून मुंबईला आणावा. शेकोटी केली असेल तर राखेत पाणी ओतून ती हाताने चाचपावी. ती पूर्ण थंड लागेपर्यंत बस सोडू नये.

घरी पोहोचल्यावर मुलाने सर्व कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि पालकांनी कानामागे, काखेत, जांघेत व बेंबीपाशी गोचीड आहे का ते पाहावे. त्यानंतर तीन आठवडे एक सूचना प्रत्येक घरी लेखी असावी: या काळात ताप आला, विशेषतः डोकेदुखी, पुरळ किंवा अंगावर काळी खपली असलेला फोड दिसला, तर डॉक्टरांना 'मूल जंगलात राहून आले आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगावे. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस वेळेवर ओळखला गेला तर साध्या प्रतिजैविकाने बरा होतो, आणि मुंबईच्या दवाखान्यात तो सहसा डेंगी किंवा मलेरियाच्या तपासण्यांमागे मागे राहतो.